‘दुखेल तेव्हाच डेंटिस्टकडे जा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

दातांबद्दलचा एक मेसेज सध्या गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुखत नसेल तर डेंटिस्टकडे जाऊ नका, दात साफ करून घेतले की ते सैल होतात, रूट कॅनॉलपेक्षा (दाताच्या आतली खराब नस काढून ती जागा भरण्यापेक्षा) दाढ काढलेली स्वस्त, आणि जो सर्वांत कमी पैसे सांगेल तोच प्रामाणिक. यावर विश्वास ठेवणाऱ्यांचे वाचण्यासारखे दात जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी दुखण्याचं. दाताच्या वरच्या आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, नसच नसते. कीड तिथे असेपर्यंत काहीही जाणवत नाही. ती आत शिरली की थंड-गोड झोंबतं, आणि झोप उडवणारा ठणका लागतो तोवर ती बहुतेक वेळा दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोचलेली असते. जे फिलिंगमध्ये भागलं असतं त्याला आता रूट कॅनॉल आणि कॅप, म्हणजे दातावर बसवायची टोपी, लागते. खर्च वाढतो तो इथे. प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी गेलंच पाहिजे असं नाही. ज्याला कीड पटकन लागते त्याने लवकर जावं, इतरांना जास्त अंतर चालतं.

दात साफ केल्याने सैल होत नाहीत. किटणाखाली, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थराखाली, हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. किटण निघालं, सूज उतरली की झालेलं नुकसान उघडं पडतं, एवढंच.

दाढ काढणं त्या दिवशी स्वस्त पडतं, हे खरं. पुढे मात्र शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, दुसऱ्या जबड्यातला समोरासमोरचा दात त्या पोकळीत सरकतो आणि तिथलं हाड बसत जातं. मग ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात, करायचा तर ते दात कोरून बारीक करावे लागतात; इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाला, शस्त्रक्रिया. दोन्ही महाग. मूळ उभं चिरलं असेल किंवा त्रास देणारी अक्कलदाढ असेल, तर काढणं योग्य असू शकतं.

आता पैशांचं, कारण खरी फसगत इथेच होते. ‘रूट कॅनॉलचे किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. पुढच्या दाताला बहुधा एकच कॅनॉल (मुळातली नसेची नळी) असतो, दाढेला तीन-चार. वरच्या दाढेतला चौथा इतका बारीक असतो की तो राहून जाऊ शकतो, आणि राहिला तर पुन्हा पू होऊ शकतो. कमी सांगितलेल्या रकमेत अनेकदा कॅप धरलेली नसते. कॅपही धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची), प्रत्येकीचा दर निराळा. शिवाय हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक करायलाही खर्च येतो, आणि तिथली काटकसर मला कुठल्याही किमतीत नको. म्हणून आकडा एकटा ऐकू नका. एक्स-रे, कॅप, पुढच्या भेटी यांतलं काय धरलंय, हे लिहून मागा. हत्यारांचं बंद पाकीट तुमच्यासमोर उघडतात का, तेही बघा. जास्त दर हाही चांगल्या कामाचा पुरावा नव्हे.

मेसेजमागची भीती मात्र खोटी नाही. गरज नसलेले उपचार गळ्यात मारणारे असतात. काहीच त्रास नसताना पहिल्याच भेटीत सात-आठ फिलिंग सांगून ‘आजच ठरवा’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. इनॅमलपुरती, खड्डा न पडलेली सुरुवातीची कीड फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगने थांबू शकते. तिथे लगेच ड्रिल कशाला? चांगला डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून दाखवतो, दुसरे पर्याय सांगतो, आणि काय थांबू शकतं हेही आपणहून सांगतो. मोठं काम असेल तर एक्स-रेची प्रत घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

फक्त गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दरांची चौकशी नंतर. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि श्वास घ्यायला जड जात असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.