हातउसने कसे बुडवावेत : होतकरूंसाठी मार्गदर्शन

पैसे बुडवायला विमान कंपनी लागते, हिऱ्यांचा धंदा लागतो, लंडनमध्ये घर लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. साध्या पगारदार माणसालाही ओळखीच्यांकडून लाखभर रुपये हातउसने घेऊन ते सुखाने, चारचौघांत मान ताठ ठेवून आणि मुख्य म्हणजे पूर्णपणे कायद्यात राहून बुडवता येतात. गेल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतल्या एका स्नेह्यांनी याचं जे प्रात्यक्षिक दिलं, ते मला फार जवळून बघायला मिळालं. रक्कम माझीच होती, त्यामुळे जागा पहिल्या रांगेतली मिळाली. हे ज्ञान एकट्यापाशी ठेवणं बरं नव्हे.

तर, रक्कम नीट निवडा. इतकी मोठी नको की समोरचा जिद्दीला पेटेल. वकिलाची फी, कोर्ट फी स्टॅम्प, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी आणि बुडालेल्या रजा यांची बेरीज मुद्दलाच्या आसपास जाईल, असा आकडा उत्तम. मुंबईकरांची जरा वेगळी सोय आहे. तिथलं लघुवाद न्यायालय १८८२ च्या कायद्याखाली चालतं आणि पैशांच्या वसुलीचा दावा तिथे दहा हजारांपर्यंतचाच घेतात. त्याच्या वर गेलात की दुसरं कोर्ट. दहा हजारांचा दावा लावायला मुंबईत कोण मोकळा बसलाय? त्या न्यायालयाचा बहुतेक वेळ घरमालक आणि भाडेकरू यांच्यातच जातो. बाकी महाराष्ट्रात पाच लाखांपर्यंतचा दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. तिथे वाटणीच्या, बांधाच्या आणि वहिवाटीच्या रस्त्याच्या जाडजूड गठ्ठ्यांमध्ये तुमचे पंच्याऐंशी हजार म्हणजे एक पातळशी फाइल. ती वर यायला वेळ लागतो.

कागद करू नका. कोणी भीत भीत विषय काढलाच, तर दुखावलेल्या आवाजात म्हणा, “आपल्यात कसला आलाय कागद?” हे वाक्य लाखमोलाचं आहे. कारण लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असली की समोरचा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा लावू शकतो. मग बचाव करायचा तरी आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. कागद नसला की साधा दावा, आणि साध्या दाव्याला दहा वाटा.

चेक तर मुळीच देऊ नका. तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत पडला आणि परत आला, तर समोरचा तीस दिवसांत नोटीस पाठवतो, नोटीस मिळाल्यावर तुमच्या हातात पंधरा दिवस असतात, आणि त्यानंतर महिनाभरात चेक न वटल्याची, कलम १३८ ची फौजदारी केस दाखल होते. तिथे दोन वर्षांपर्यंत शिक्षा, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, आणि २०१८ पासून केस चालू असतानाच वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावायची तरतूद. जामीनदार शोधत फिरायची वेळ येते. आपण सभ्य माणसं, आपण दिवाणीतच राहावं.

मग तीन वर्षं गोड बोला. उसने दिल्या दिवसापासून साधारण तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो मुदतबाह्य होतो, आणि तीन वर्षं म्हणजे काय हो? दिवाळीनंतर देतो, एफडी मॅच्युअर झाली की देतो, गावचा प्लॉट विकला की एकरकमी देतो, संपली. मात्र लिहून काही देऊ नका. मुदतीच्या आत तुम्ही सहीनिशी कर्ज कबूल केलंत की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. व्हॉट्सॲपवर ‘हो, देतो’ हे तर चुकूनही टाइप करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून लोक ते थेट पुराव्यात आणतात. हात जोडलेला इमोजी पाठवा. त्याचा अर्थ वकिलांनाही लावता येत नाही.

समन्स घेऊन कोणी आलं की घरात नसा.

दावा लागलाच, तर कैफियतीत, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी उत्तरात, काय लिहायचं? ‘पैसे घेतलेच नाहीत’ असं म्हणता येत नाही, कारण बँकेच्या उताऱ्यात एंट्री असते. तेव्हा असं लिहा : ‘वादी हा विनापरवाना सावकारीचा धंदा करतो.’ वाचा पुन्हा एकदा. ज्याने एक पैसा व्याज मागितलं नाही, ज्याने “आधी आईंचं ऑपरेशन होऊ दे, पैशांचं नंतर बघू” म्हटलं, तो सावकार! महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा शेतकऱ्यांच्या जमिनी गिळणाऱ्यांसाठी आला. विनापरवाना सावकारीला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परवाना नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावाही टिकत नाही. ओळखीखातर एकदा उसने दिले म्हणून कोणी सावकार होत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. पण सांगितलं म्हणून काय झालं? तो मुद्दा निघणार, त्यावर पुरावा होणार, पुराव्याचं शपथपत्र होणार आणि पुऱ्या कोर्टासमोर तुमचा वकील उलटतपासात त्याला विचारणार, “तुम्ही आणखी किती जणांना व्याजाने पैसे दिलेत?” बायको मागच्या बाकावर बसून ऐकतेय. एवढी करमणूक दुसऱ्या कुठल्या कर्जात मिळते?

एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, असं संहितेत छापलेलं आहे. संहितेत पुष्कळ काही छापलेलं आहे.

लोकअदालतीची नोटीस आली तर आवर्जून जा. तिथला वातावरणाचा गोडवा घ्या. “दोन पावलं तुम्ही मागे या, दोन पावलं ते” असं चाललेलं असतं. निम्म्यावर तडजोड करा, व्याज सोडवून घ्या, हप्ते पाडून घ्या, पहिला हप्ता भरा आणि दुसरा विसरा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या अंतिम निकालाची, ताकद असते, त्यावर अपीलही नसतं, पण तो बजावून घ्यायलाही शेवटी कोर्टाचीच पायरी.

आणि व्याजाची काळजी तर करूच नका. व्यापारी व्यवहार नसेल तर हुकूमनाम्यानंतर कोर्ट जास्तीत जास्त सहा टक्के लावतं. तारण नाही, जामीनदार नाही, सिबिल नाही, प्रोसेसिंग फी नाही आणि सहा टक्के. दाखवा अशी बँक.

आता खरा कस. समजा, एवढं करूनही हुकूमनामा तुमच्याविरुद्ध झाला. दचकू नका. कोर्टाने ‘द्या’ म्हटलं की पैसे मिळाले, असं फक्त कोर्टात न गेलेल्यांना वाटतं. त्यानंतर समोरच्याला दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते : नवा नंबर, नव्या नोटिसा, नव्या तारखा. ही दरखास्त बारा वर्षांच्या आत कधीही करता येते, यावरून अंदाज करा. आणि तुमच्याकडे काय काय आहे, हेही त्यानेच हुडकून कोर्टाला सांगायचं. म्हणजे बुडवणारा घरी सोफ्यावर, आणि ज्याचं बुडालं तो याच्या बँकेची शाखा, याच्या गाडीचा नंबर, याच्या ऑफिसचा पत्ता शोधत उन्हात फिरतोय. पगारावर जप्ती आणावी म्हटलं तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुटतात. घरातली जरुरीची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. तेव्हा घरी यायची वेळ दिवेलागणीनंतरची ठेवा.

जंगम, म्हणजे घरातल्या हलवता येणाऱ्या वस्तूंच्या, जप्तीचं वॉरंट निघालं की प्रोसेस फी त्याने भरायची, वॉरंट कोर्टाच्या कचेरीतल्या नाझराच्या टेबलावरून ते बजावणाऱ्या बेलिफांकडे कधी जातं याच्या मागे त्यानेच लागायचं, बेलिफांसाठी गाडी त्याने करायची, पंच त्याने आणायचे, टेम्पो आणि हमालही त्यानेच सांगून ठेवायचे. मी सगळं ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात आम्ही सगळे स्नेह्यांच्या दारात पोचलो. ग्रिलला बाहेरून कुलूप. स्टँडवर चपला जिथल्या तिथे. आतून कुकरच्या शिट्ट्या. बेलिफांनी बेल वाजवली, हाका मारल्या, मग पायरीवर बसून अहवाल लिहिला : ‘न्यायनिर्णीत ऋणको (म्हणजे हे स्नेही) राहते घरी मिळून आले नाहीत, घरास कुलूप.’ त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या पिशवीत आणखी ढीगभर समन्स होती. कुलूप तोडायची परवानगी हवी तर त्यासाठी वेगळा अर्ज, त्यावर ऋणकोचा ‘से’ म्हणजे लेखी म्हणणं, मग आदेश, मग पुन्हा वॉरंट. टेम्पोवाल्याने भाडं पुरतं घेतलं. तो रिकामा गेला म्हणून सोडत नाही, आणि का सोडावं?

त्याच संध्याकाळी स्नेह्यांचं स्टेटस. नवी कोरी गाडी, बॉनेटवर हार, चाकांखाली लिंबं, हातात पेढ्यांचा बॉक्स. वर ओळ : ‘स्वामींची कृपा.’ स्वामींची नव्हे हो, माझी! गाडी अर्थात मेहुण्याच्या नावावर. फ्लॅट आईच्या नावावर. यांच्या स्वतःच्या नावावर आहे ते फक्त माझं कर्ज.

शेवटी उरतो दिवाणी तुरुंग. पाच हजारांच्या वरच्या हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. पण तिथल्या तुमच्या जेवणाखाण्याचा भत्ता कोण भरतं माहीत आहे? तुम्हाला तिथे पाठवणारा. आधी उसने द्या, मग दावा चालवा, मग डबा पुरवा. शिवाय ऐपत असून देत नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवं. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ देता येत नाही म्हणून गरीब माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. अगदी बरोबर सांगितलं. भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळली तीही बरोबरच. ज्याची नोकरी गेली, ज्याचं पीक वाहून गेलं, त्याच्या डोक्यावर कायद्याने धरलेली ती छत्री आहे. आणि तिच्याखाली येऊन उभे राहतात हे, मेहुण्याच्या नावाची गाडी दारात लावून. याचा राग येतो.

नाही जमत आता गमतीने लिहायला. स्नेही, तुम्हाला देता येत नव्हतं, तर तसं सांगायचं होतं. दोन वर्षं थांबा म्हणायचं, थांबलो असतो. पाचशेपाचशे रुपये देतो म्हणायचं, घेतले असते. तुम्ही मला सावकार म्हणालात, कोर्टात, लेखी, सत्यप्रतिज्ञेवर. ज्या ऑपरेशनसाठी पैसे घेतलेत त्या माउली मला अजून जिन्यात भेटल्या की थांबून “कसे आहात” विचारतात आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. तुम्हाला कसं बघवतं?

आणि सोसायटीतले ते मोठ्या मनाचे मध्यस्थ! “जाऊ द्या हो, शेजारधर्म असतो, पैसा काय आज आहे उद्या नाही.” भाजीवालीशी दोन रुपयांवरून दहा मिनिटं भांडणारी ही माणसं. तुमच्या खिशातून गेले असते तर हे तत्त्वज्ञान सुचलं असतं का? स्नेह्यांच्या गाडीचे पेढे खाताना एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, त्याचे पैसे दिलेस का आधी? शेजारधर्म मलाच का शिकवता? तो वरच्या मजल्यावर राहतो, त्याला जाऊन शिकवा.

स्नेही, पुढच्या तारखेला मालमत्तेचं शपथपत्र द्यायचंय तुम्हाला. खरं लिहा. नाहीतर त्याच्या आधी महिन्याला पाच हजार पाठवायला सुरुवात करा. माझा खाते क्रमांक तुमच्याकडे आहे. ते पंच्याऐंशी हजार त्याच खात्यातून आले होते.