जुनी पेढी पाडायचीय? जेसीबी नको भाऊ, नुसता धीर धरा

भाऊ, मेन रोडला तुमच्या पणजोबांची दुमजली पेढी आहे, खाली दोन दुकानं, वरती कबुतरं, आणि ती पाडून तिथं कॉम्प्लेक्स काढायचंय ना? मग आधी एक ऐका, घाईघाईत जेसीबी बोलवू नका. जेसीबी आला की कुठलेतरी रिटायर्ड मास्तर अर्ज घेऊन पालिकेत पोचतात, पेपरात फोटो येतो, "वारसा" बिरसा सुरू होतं. त्यापेक्षा तिला आपली आपण पडू द्या. आपल्या खान्देशात अर्ध्या बाजारपेठा अशाच गेल्या, कोणाच्या अंगावर शिंतोडा नाही.

सुरुवात वरून करायची. पन्हळीत पाला साचलाय, तो काढायचा नाही. बस. पाणी तुंबतं, भिंतीत उतरतं आणि सागवानी तुळईचं जे टोक भिंतीत दडलेलं असतं ना, तिथं मुरतं. तुळई मधून ठणठणीत असते हो, ती सडते टोकाला, आणि ते टोक कोणाला दिसत नाही म्हणून "आम्हाला काय माहीत" म्हणायला तुम्ही मोकळे. कठड्याच्या फटीत पिंपळ उगवला तर हात लावू नका, देवाचं झाड आहे, पाप लागतं. पेढी पडली तर लागत नाही, मी चौकशी केलीय.

मग भिंत. ती वीट-चुन्याची. चुना ओल घेतो आणि परत सोडतो, म्हणून तर ती एवढे पावसाळे उभी राहिली. तुम्ही तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा मारा, वरून ऑइलपेंट. ओल आत कोंडते, लोणा धरतो, आणि काही पावसाळ्यांत गिलावा विटेची सालटी घेऊनच खाली येतो. गावात बोलायला पण बरं, मालकाने एवढा पैसा घातला तरी जुनं ते जुनंच.

दर्शनी बाजूचं काय करायचं? कोरलेले लाकडी हात, म्हणजे टेकू, बिडाचे खांब, आणि ते एकेक फळी खाचेत सरकवून लावायचं दुकानाचं दार, फळ्यांवर खिळ्याने कोरलेले आकडे, कारण तिसरी फळी चौथीच्या जागी बसतच नाही. हे सगळं एसीपी शीटने, म्हणजे त्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने, झाका आणि वर एलईडी बोर्ड चढवा. जे दिसत नाही त्याची हळहळ कोण करणार?

भाडेकरूची चिंता नको. तो आजोबांच्या काळातलं भाडं देतो, त्या पैशात तुम्ही कौल पण बदलू शकत नाही, आणि तो स्वतःच्या खिशातून बदलणार नाही कारण इमारत तुमची. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसा, मधे पाऊस आपलं काम करतो. शिवाय प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं किती, ते बघा. एक सुरतला, एक ठाण्याला, एकाचं कोणाशी बोलणं नाही, दुरुस्तीला सह्या कोण गोळा करणार. विकायची म्हटली की मात्र सगळे एका दिवसात हजर.

एक मात्र कटाक्षाने पाळा, पोरांना इतिहास सांगायचा नाही. 1818 नंतर इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात सरळ रस्ते आखून बऱ्हाणपूरकडचे व्यापारी आणून वसवले, 1861 ते 65 अमेरिकेत यादवी पेटली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच सुमारास रेल्वे आली, जिनिंग-प्रेस आले, आणि त्या पैशातून अशा पेढ्या उठल्या, हे पोरांना कळलं की ती प्रश्न विचारतात. अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली तीच पुढे विप्रो झाली, हे तर अजिबात नको, पोरगं म्हणेल मग आपल्या पेढीत पण काहीतरी करू.

माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या निघतील, रोजमेळ, खतावणी, कोणत्या साली कापूस काय भावाने गेला, कोणाला किती उचल दिली, सगळं मोडी लिपीत. वाचता येत नाही ना? मग रद्दीत द्या, किलोवर. इतिहासाचार्य राजवाडे असलीच कागदं शोधत गावोगाव पायपीट करत फिरले, शेवटी धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून तिथंच आहे, पण तिथवर गाडीचं पेट्रोल कोण जाळणार.

आता पालिका. डिसेंबर 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, वारसा इमारतींची यादी करायची तरतूद आहे, मालकाचं नुकसान टीडीआरने, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काने, भरून द्यायची सोय पण कागदावर आहे. तुम्ही विचारायला गेलात तर यादी होण्याचा धोका आहे, म्हणून जाऊ नका, ते आपणहून येणार नाहीत. त्यांच्याकडून आपल्याला हवी ती 1965 च्या नगरपरिषद कायद्यातल्या कलम 195 ची धोकादायक इमारतीची नोटीस. ती भिंतीला चिकटली की जिंकलात.

हां, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा त्या हातभर जाड भिंतींच्या आत नुसत्या पंख्यावर बसता यायचं. नव्या कॉम्प्लेक्सला पश्चिमेकडून पूर्ण काच लावा, गाळ्यागाळ्याला एसी येतील, मीटर पण वेगवेगळे, ते भाडेकरू बघतील.

लाकूड विकताना फसू नका. जुन्या लाकडाचा व्यापारी म्हणेल सगळं वाळवीने खाल्लंय, सरपणाच्या भावात द्या. कबूल होऊ नका, घनफुटावर द्या, कोरीव खांबांचे वेगळे मागा. तो ते पुण्याला कुठल्यातरी "वाडा" नावाच्या हॉटेलवाल्याला देतो, तिथं त्यांना पॉलिश मारून मधोमध उभे करतात, वर छताला टेकत पण नाहीत. पोराला भेटायला पुण्याला गेलात की जेवायला जा तिथं, खांबापाशी फोटो छान येतात. शेवभाजी घेऊ नका फक्त, साखर घालतात.