प्रेमात पडताय? आधी शाळेचा दाखला मागा

काल कोर्टाच्या बाकावर साडेदहापासून पाचपर्यंत बसलो. साहेब रजेवर. पुढची तारीख. ही कितवी, ते मोजणं सोडलंय. तेवढ्या वेळात तरुण पोरांसाठी काही सूचना सुचल्या, त्या फुकट देतो.

मुलगी आवडली की नाव विचारू नका, जन्मतारीख विचारा. १७ वर्षं ११ महिने निघाली तर नमस्कार करून घरी या. २०१२ साली पोक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायचा कायदा, येईपर्यंत संमतीच्या वयाची रेघ १६ वर होती, आता १८. तुम्ही स्वतः जेमतेम १९ चे आहात, याचं कायद्याला कौतुक नाही.

'तिची मर्जी होती' असं चुकूनही म्हणू नका. १८ च्या आत तिला मर्जी नसतेच. माझ्या भाच्याच्या केसमध्ये पोरगी पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "मीच गेले. एसटीचं तिकीट पण मीच काढलं, दोघांचं." सरकारी वकिलांनी चष्मा पुसला आणि साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं. फितूर! स्वतःच्याच गोष्टीला? केस झाली तेव्हा ती घरी जायला नाही म्हणाली, तर तिला बालगृहात ठेवलं. संरक्षण म्हणे. बारावीचं वर्ष गेलं तिचं. हा तुरुंगात. त्यात पोक्सोचं कलम २९ : कोर्टाने आधी गुन्हा गृहीत धरायचा, तो केला नाही हे पोराने सिद्ध करायचं. नाही जमलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी १० वर्षं. न्यायाधीशांना कितीही दया येवो, एक दिवस कमी करता येत नाही.

'लग्न लावून टाका' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, आणखी एक गुन्हा वाढतो.

आणि जात बघून प्रेम करा. फिर्याद का होते, मग कळेल.

जाऊ दे, नाही जमत हा विनोद. लेकरांवर हात टाकणाऱ्याला काय हवी ती शिक्षा द्या, माझी ना नाही. पण पोरीच्या घरच्यांनो, त्याच्यासाठी केलेली कलमं तुम्ही घराण्याची अब्रू राखायला वापरता, लाज वाटत नाही? विधी आयोगाने २०२३ मध्ये सांगितलं, वय १८ च ठेवा, पण १६ ते १८ मधल्या अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मोकळीक द्या. सरकारला तेवढंही जमत नाही?

काल त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आई सात-आठ वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिलाही पुढचीच तारीख मिळाली. तिला काय सांगायचं? कोर्टाला सवड नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या पोरीने एसटीचं तिकीट काढलं?