आधी बारीक व्हा, मग पाण्यात उतरा

वजन कमी करायला पोहायला जायचं ठरवलंय म्हणता? छान. ठरवण्यापर्यंतचा भाग सगळ्यांना जमतो, त्यात कोणाचं वजन आड येत नाही. अडचण पुढे आहे. पोहायचं तर कपडे काढावे लागतात. सकाळी चालायला जाणाऱ्यांना हा त्रास नाही. पणजीत मिरामारच्या फुटपाथवर ढगळ टी-शर्ट घालून फिरलात तर तुमचं पोट ही नुसती अफवा असते. स्विमिंग पूलवर तिची बातमी होते.

म्हणून मुख्य सल्ला आधीच देऊन टाकतो. आधी बारीक व्हा, मग पोहायला जा. पोहून बारीक होणं हा प्रकार उलटा आणि थोडा असभ्यच आहे. कामवाली यायच्या आधी घर झाडून ठेवणारी माणसं आपल्यात आहेतच की, त्यांच्याकडून शिका. पूलवर जायचं ते तिथे जायची गरज उरली नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

आता एवढं बारीक व्हायला वेळ लागणार, आणि तोवर 'कधी सुरू करतोस?' असं विचारणाऱ्यांना उत्तरं लागणार. त्या बाबतीत गोव्यात राहणारा माणूस भाग्यवान. जानेवारीत जत्रा असतात आणि खाज्याची पुडी घेतल्याशिवाय जत्रेतून परतणं बरं दिसत नाही. मग कार्निव्हल, मग शिगमो. एप्रिल-मेमध्ये मुलांची उन्हाळी शिबिरं असतात, पूलात पाण्यापेक्षा पोरं जास्त. शिवाय लग्नं. जून उजाडला की पाऊस, आणि पावसात भिजत पोहायला कोण जातं? (हे वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणायला जमलं पाहिजे. आरशासमोर सराव करा.) चवथीला नेवऱ्या, दिवाळीला पाच तऱ्हांचे फोव, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, पाठोपाठ नाताळ, आणि नाताळात मुंबई-पुण्याचे पाहुणे येऊन सोफ्यावर झोपतात. त्यांना टाकून कसं जाणार? की आला जानेवारी.

तरीही कोणी रेटलंच, तर समुद्र आणि पूल यांची आपसात जुंपून द्या. पूलची फी भरायची वेळ आली की म्हणा, "दारात दर्या असताना टाकीत कोण पोहणार?" कोणी दर्यावर चल म्हणालं की म्हणा, "समुद्राचा भरवसा नाही, पूल बरा." यातलं दुसरं विधान तर खरंही आहे. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यांवर पोहायला मनाई असते. एरवीही लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, आणि नुसता लाल बावटा दिसला तर उतरायचंच नाही. खरं कारण खोट्या कामाला वापरता येणं ही केवढी सोय! याहून पक्का बंदोबस्त हवा असेल तर सांगा की तुम्ही लहानपणीच आजोळच्या बांयत, म्हणजे विहिरीत, पाठीला भोपळा बांधून शिकलात. बांयत शिकलेल्या माणसाला वर्ग लावायला सांगणं म्हणजे त्याच्या आजोबांचा अपमान. विषय मिटतो.

एवढी नाकाबंदी करूनही डॉक्टर मध्ये पडतातच. तुमचे गुडघे कुरकुरतात, पळू नका, पोहा, असं ते सांगतात. वर भारतीयांच्या बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, हिशेब ऐकवतात : 23 ला जास्त वजन, 25 ला स्थूल. या हिशेबाने तुमच्या ऑफिसचा अर्धा ग्रुप फोटो स्थूल ठरेल, पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. आख्ख्या तिसवाडी तालुक्यात जाड माणूस तो तुम्ही एकटाच, ही भावना जपून ठेवा. पुढे फार उपयोगी पडते.

कॉश्च्यूम घ्यायला दुकानातच जा, ऑनलाइन मागवू नका. ऑनलाइनवाला मुकाट्याने माप विचारतो आणि पाकीट दारात ठेवून जातो, त्यात काय मजा? म्हापशाच्या बाजारात गर्दीच्या वेळी जा. काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडे नाही, तुमच्या कमरेकडे बघतो आणि पोटमाळ्याकडे तोंड करून ओरडतो, "आरे, डबल एक्सेल आसा काय मरे? ना, ट्रिपल पळय!" त्याच वेळी शेजारी मोजे घेत असलेली तुमच्या मुलाच्या शाळेतली बाई मागे वळते. दुकान सोडून पळायला याहून चांगला मुहूर्त नाही.

पळाला नाहीत तर पूलवरच्या पाटीशी गाठ पडते. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख, डोक्याला टोपी, उतरण्याआधी शॉवर. यातल्या पहिल्या अटीवर वाद घाला. सुती टी-शर्ट घालूनच उतरणार, असा हट्ट धरा. ओला सुती कपडा अंगाला असा बसतो की एरवी दोन वळ्या मोजणारा माणूस चार मोजतो. वर तो टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो, खांद्यांना ओढतो आणि मोकळा हात मारू देत नाही. म्हणजे लपलं काहीच नाही आणि पोहणंही झालं नाही, दोन्ही उद्देश सफल. शॉवरखाली मात्र हवा तेवढा वेळ उभे राहा. पूलच्या ज्या उग्र वासाला लोक क्लोरीनचा वास म्हणतात, तो बराचसा क्लोरीन आणि माणसांचा घाम-लघवी यांच्या संयोगातून येतो, तेव्हा घासून आंघोळ ही समाजसेवाच आहे. ती बॅच संपेपर्यंत करता येते.

एका ठिकाणी मात्र सुटका नाही. चेंजिंग रूमच्या दारापासून पाण्यापर्यंतची वाट. पावलं फार तर पंधरा असतील. टॉवेल खांद्यांवरून पुढे घ्या, दोन्ही टोकं पोटावर धरा. पोट आत ओढा. ते आत राहावं म्हणून श्वास रोखा. श्वास रोखला की चेहरा लाल होतो आणि ज्या जीवरक्षकाने आतापर्यंत ढुंकूनही पाहिलेलं नसतं तो काळजीने उठून उभा राहतो. त्याला हसून दाखवावं तर श्वास सुटतो. कशीबशी कड गाठली की टॉवेल ठेवायला वाकावं लागतं, आणि वाकताक्षणी पंधरा पावलांचा सगळा बंदोबस्त मोडतो.

त्या वेळी बाकीचे काय करत असतात तेही सांगतो, गाफील राहू नका. लेनमधला माणूस तळाची काळी पट्टी बघत असतो. कडेला लटकलेला दम खातोय, त्याला आत्ता स्वतःचं आडनावही सांगता येणार नाही. एक बाई टोपीत केस कोंबतेय. एकजण कानातलं पाणी काढायला मान तिरकी करून एका पायावर उड्या मारतोय. कोच शिट्टी शोधतोय, ती त्याच्याच गळ्यात आहे. थोडक्यात, सगळे फक्त तुमच्याकडेच बघताहेत.

तरी शंका असेल तर जागेचं माहात्म्य आठवा. कांपालचा पूल पन्नास मीटरचा. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत जलतरणपटू श्रीहरी नटराज तिथे सुवर्णपदकं लुटून गेला. त्या पाण्यात तुम्ही? पाणी काय म्हणेल?

पाण्याचं म्हणाल तर ते पक्षपाती आहे आणि पक्षपात तुमच्या बाजूने करतं. कमरेपर्यंत उतरलात की पायांवर निम्माच भार उरतो, गळ्यापर्यंत उतरलात की जेमतेम दहावा हिस्सा. डबल एक्सेलवाला माणूस शिडीच्या पाच पायऱ्यांत दहा किलोचा होतो आणि गुडघे कुरकुरायचे विसरतात. याची सवय लागू शकते, तेव्हा जपून. त्यात चरबी पाण्यापेक्षा हलकी : एका लिटरला सुमारे 900 ग्रॅम, पाणी 1 किलो. त्यामुळे जिममध्ये शरीर कमावलेला पोरगा पहिल्या दिवशी पाय वर ठेवायला धडपडत असतो, आणि तुम्ही नुसते आडवे झालात तरी तरंगता. इंग्लिश खाडी पोहायची तयारी करणारे तर थंडीपासून बचाव म्हणून मुद्दाम वजन वाढवतात. ही माहिती चारचौघांत सांगू नका. इतकी वर्षं पोटाला नावं ठेवलीत, आता त्याचे आभार मानताना दिसलात तर लोक काय म्हणतील?

या फायद्यावर मात करायचे उपाय आहेत. कोच म्हणेल, तोंड पाण्यात घाला, नजर तळाकडे, श्वास पाण्यातच फुगे काढत सोडा, पाय कमरेतून हलवा. यातलं काही करायचं नाही. मान ताठ वर ठेवा, कोण बघतंय ते कळलं पाहिजे ना. मान वर गेली की कंबर आणि पाय आपोआप खाली जातात. मग श्वास कोंडून धरा, गुडघ्यातून सायकल मारा आणि सगळा जोर लावा. दहा मीटरवर तोंडाला फेस येतो. कठडा धरून जाहीर करा, "हे आपल्या शरीराला झेपणारं नाही."

बॅच लहान मुलांची मिळाली तर सोडू नका. सात-आठ वर्षांची पोरं निर्दय असतात, असं सगळे सांगतात. त्यांच्यातला एक दात पडलेला पोरगा तुमच्याकडे खालून वर नीट बघेल. तुम्ही काळीज घट्ट कराल. तो विचारेल, "अंकल, तुमकां पेंवूंक येना?" (पोहायला येत नाही?) आणि उत्तराची वाट न बघता, नाक कसं धरायचं ते तुम्हाला शिकवायला लागेल. पोटाबद्दल तो अवाक्षर काढणार नाही. आजकालच्या मुलांचं निरीक्षण फार कमी पडतं.

ती कसर नात्यातल्या बायका भरून काढतात. पूलवर न येताही काढतात. विशेषतः बाईमाणसाने पोहायला जायचं ठरवलं तर. "तूं गे? कॉश्च्यूम घालून?" हा प्रश्न मामेसासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या विचारतात. महिलांची वेगळी बॅच असते, गुडघ्यापर्यंतचे, पूर्ण बाह्यांचे पोशाख मिळतात, हे त्यांना सांगू नये. त्यांच्याकडचे पुढचे प्रश्न वाया जातात. अंगावरच्या साडीनिशी मिरामारला गुडघाभर पाण्यात उभं राहून भिजणं आपल्या रीतीत बसतं, तेवढ्यावर समाधान माना. कळंगुटला सत्तरीच्या विदेशी आजी आपलं पोट, सुरकुत्या आणि ऑपरेशनची खूण सगळं बरोबर घेऊन ऐटीत पाण्यात शिरतात, तिकडे पाठ करूनच सेल्फी काढा.

आणि हो, 24 जूनला घरात दार लावून बसा. सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या फेस्ताच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून गावचे बाप्ये बांयत उड्या मारतात. त्यात एकाचंही पोट सपाट नसतं. कमरेला जुनी हाफ पँट, पोटात फेणी, "विवा सांजांव!" ची आरोळी, आणि नव्वद-शंभर किलोचा जावई वरून खाली. पाणी काठाबाहेर उडतं, बायका टाळ्या वाजवतात, कोणी वजन विचारत नाही. फेणी पिऊन पाण्यात उतरणं धोक्याचं, एवढाच मुद्दा धरून ठेवा आणि बाकीच्या दृश्याचा मनावर परिणाम होऊ देऊ नका.

एवढं सांगूनही काहीजण महिनाभर पोहत राहतात. त्यांच्यासाठी शेवटचा इलाज पूलच्या बाहेर, गाड्यावर आहे. नव्वद किलोच्या माणसाने अर्धा तास न थांबता संथ पोहलं तर साधारण अडीचशे कॅलरी जळतात. 'न थांबता' हे शब्द नजरेआड करा, कठड्याला लटकलेला वेळही धरा आणि आकडा वरच्या पाचशेला पूर्ण करा. पाण्यातून आलेल्या माणसाला भूक खवळून लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळची बॅच असेल तर पातळ भाजी, पाव आणि वर एक मिर्ची भजं. संध्याकाळची असेल तर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यात बुडवलेलं. रोस पुन्हा वाढून मागा, मागितला की देतात. दोन महिन्यांनी काटा जागचा हलला नाही की पोहण्यात काही अर्थ नाही, हे शास्त्रशुद्ध सिद्ध होतं. दम पूर्वीइतका लागत नाही किंवा जिना चढताना कठडा धरावा लागत नाही, असल्या किरकोळ गोष्टी काट्यावर दिसत नाहीत, म्हणून मोजायच्या नाहीत.

राहता राहिली ओळखीपाळखीची भीती. पणजी केवढी? पूलमध्ये तुमचं कर्ज अडकवणारा बँकेचा मॅनेजर भेटणार, चड्डीवर, तुमच्याएवढंच पोट घेऊन. त्यात वाईट एवढंच की टोपी आणि गॉगलमध्ये कोणी कोणाला ओळखत नाही. पुढे कधी मार्केटात मासळीवालीसमोर एक गृहस्थ तुमच्याकडे टक लावून बघतात. तुम्हीही बघता. चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, पण शर्ट घातलेला असल्यामुळे काही केल्या आठवत नाही. ते बांगडे घेऊन चालायला लागतात, पाठ दिसते आणि ओळख पटते. उजव्या खांद्याखाली तीळ. ही पाठ तुमच्या लेनमध्ये रोज तुमच्या पुढे असते. हाक मारायची तर मारा, पण नाव कुठे विचारलंय?