'कॉपी-पेस्ट करा आणि मोकळे व्हा' : एका वाचकाला उत्तर

नमस्कार. विशेष चिन्हं टाइप करण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच आणि रोखठोक लिहिलंत. नाव दिलेलं नाही, म्हणून 'तुम्ही' एवढ्यावरच भागवतो. तुमचे आक्षेप तीन. ऑल्ट-०२३३ (म्हणजे ऑल्ट धरून ०२३३ दिलं की é, डोक्यावर रेघ असलेली इंग्रजी ई, उमटते) तुमच्या लॅपटॉपवर चाललं नाही, म्हणजे मी न तपासता लिहिलं. 'ऱ' हे अक्षर मराठीचं नाहीच, दक्षिणेकडच्या भाषांसाठी आहे, आणि मी लोकांना चुकीचं शिकवतोय. आणि शेवटचा: एवढा खटाटोप कशाला, गुगलवर शोधा, कॉपी-पेस्ट करा आणि मोकळे व्हा.

पहिल्या आक्षेपात चूक माझीच. माझ्या डीटीपीच्या टेबलावर जुना, रुंद कीबोर्ड आहे, उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच असलेला. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून द्यायचे आकडे त्याच संचावरून द्यावे लागतात आणि नमलॉक चालू असावं लागतं. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. तो संच नसलेल्या लॅपटॉपवाल्याने काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. वर्डमध्ये काम करत असाल तर शून्य, शून्य, इंग्रजी ई, नऊ असं टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा, ती रेघवाली ई उमटेल. नाहीतर विंडोजच्या सेटिंगमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' कीबोर्ड जोडून घ्या. त्यात आधी एकेरी अवतरणाची चावी आणि मग ई. नाशिकच्या गंगापूर रोडच्या पुढच्या एका वाइनरीचं मेनूकार्ड मी परवा असंच केलं, 'रोझे' (rosé) वाइनची रेघ जागेवर बसली.

सुरुवातीचं शून्य मात्र गाळू नका. ही ऑल्टची पद्धत आयबीएमच्या १९८१च्या पीसीपासून चालत आली आहे. शून्य न देता २३३ दिलंत तर आकडा त्या काळच्या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यात शोधला जातो, आणि ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात त्या जागी ग्रीक थीटा बसलाय. शून्य दिलं की विंडोजचा नंतरचा तक्ता उघडतो. मॅकवाल्यांना ही भानगडच नाही. ऑप्शन धरून ई, मग सोडून पुन्हा ई. किंवा ई नुसती दाबून धरा, पर्याय वर तरंगतात. लिनक्सवर सेटिंगमध्ये एखादी चावी 'कम्पोज' म्हणून नेमावी लागते, मग कम्पोज, अवतरण, ई.

आता 'ऱ'. तुम्ही युनिकोडचा, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारा, तक्ता पाहिलेला दिसतोय, कारण तिथे त्या अक्षरापुढे खरोखर द्राविडी भाषांच्या लिप्यंतराचा उल्लेख आहे. पण पुढचं वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं. त्याच अक्षराचं अर्धं रूप म्हणजे आपला पापणीसारखा 'र', असंही तिथेच म्हटलंय. पूर्ण 'ऱ' मराठीत आपण लिहीत नाही, हे तुमचं बरोबर. पण त्याचा पाय मोडून पुढे 'य' जोडला की जे होतं, त्यावाचून आपलं एक पानही निघत नाही. वाऱ्यावर, दुसऱ्याला, शेतकऱ्याचा. देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'दर्या' लिहायचं तर ओ, जे, डी, तिरप्या रेघेची चावी, ई. 'दऱ्या' लिहायचं तर अगदी हेच, फक्त जे दाबताना शिफ्ट. एका शिफ्टवर समुद्राच्या ब्रह्मगिरीच्या दऱ्या होतात.

पूर्वी अनेक जण हेच रूप दुसऱ्या वाटेने काढायचे, मीही काढायचो. साधा 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग 'य'. पडद्यावर फरक काडीचा नाही. पंचवटीतल्या एका मंडळाचा जमाखर्च मी असाच टाइप करून दिला होता. त्यांनी तो आपल्या वेबसाइटवर चढवला, आणि चढवताना कुठल्याशा सफाईत ती न दिसणारी चिन्हं उडाली. महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांच्या नावावर गेली. वर्गणीदारांनी विचारलं, हे आचार्य कोण आणि त्यांना एवढे पैसे कशाला? त्या दिवसापासून मी शिफ्ट-जे सोडलेलं नाही.

इथेच तुमचा तिसरा आक्षेप येतो. कॉपी करताना आपल्याला अक्षराचा चेहरा दिसतो, आत कोणता क्रमांक आहे ते दिसत नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या काही वकिलांची नावं-पत्ते असलेली एक यादी माझ्याकडे छापायला आली. प्रत्येक नावाआधी 'ॲड.'. शोध घेतला तर निम्मी नावं सापडेनात. उलगडून पाहिलं तेव्हा कळलं, यादी चार ठिकाणांहून उचलून जोडलेली आणि 'ॲ' तीन प्रकारचा. काही ठिकाणी खरा 'ॲ', युनिकोडमधला ०९७२, जो २००८ साली आला. काही ठिकाणी साधा 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. आणि काही ठिकाणी 'अ', मग तेच न दिसणारं जोडचिन्ह, मग चंद्र. इंग्रजीतली रेघवाली ई एक अक्षर म्हणून लिहा किंवा ई आणि रेघ अशी सुटी लिहा, युनिकोड दोन्हींना एकच मानतं. 'ॲ'च्या बाबतीत तसं नातं युनिकोडने जोडलेलंच नाही, त्यामुळे संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. शिवाय नुसता 'अ' आणि चंद्र असं लिहिलं की काही ब्राउझर मधे ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात. ते तुम्हीही मराठी बातम्यांत पाहिलं असेल.

खऱ्या 'ॲ'नेही एक खोडी केलीच. भाच्याने लिहून दिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने यादी निव्वळ क्रमांकांनुसार लावली, आणि ०९७२ तर 'ह'च्याही पुढे. निम्मे वकील यादीच्या माथ्यावर, निम्मे तळाला. आपल्या शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत घेतले. माझ्या भाच्याच्या प्रोग्रॅमपर्यंत तो निर्णय पोहोचला नव्हता.

राग मानू नका, पण तुमच्या प्रतिक्रियेत 'ॲप' हा शब्द दोनदा आलाय आणि मी तो तपासला. पहिल्यात ०९७२ आहे, दुसऱ्यात जोडचिन्ह.

आणि ₹. ज्या चिन्हाच्या नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात, ते इथल्याच दुकानांच्या बिलांवर धड येत नाही, याची मला जरा लाज वाटते. केंद्राने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं. लोकांना तेवढाही धीर नव्हता. एक फॉन्ट निघाला, त्यात टॅबच्या वरची चावी दाबली की ₹ दिसायचा. दिसायचा म्हणजे दिसायचाच; फाइलमध्ये साठायचं ते उलट्या अवतरणासारखं टिंबवजा चिन्ह. माझी त्या वर्षीची कोटेशनं आज उघडली की प्रत्येक रकमेपुढे तेच टिंब. आता चारच्या चावीवर ₹ छापलेला असूनही उमटत नसेल, तर भाषेच्या यादीत 'इंग्लिश (इंडिया)' निवडलंय का ते पाहा आणि उजवी ऑल्ट धरून चार दाबा. अमेरिकेचा कीबोर्ड निवडलेला असेल तर तुम्ही चावी झिजेपर्यंत दाबा.

फोनवर एखाददुसरा शब्द लिहायला कॉपी करायला माझी हरकत नाही, मीही करतो. जे छापायचं, शोधायचं किंवा क्रमाने लावायचं आहे, तिथे मात्र मी कॉपी केलेलं अक्षर पुसून पुन्हा टाइप करतो. मूळ लेखात आकड्यांच्या संचाचा परिच्छेद काल रात्री बदललाय. ऑल्ट-एक्सची रीत त्यात घातली आहे, तुमच्या लॅपटॉपवर एकदा करून बघा आणि चालली नाही तर इथेच खाली लिहा.