23 दिवसांनी लहान पडलेले घर

मागच्या मंगळवारी एका अनोळखी बाईंनी मला फोनवर अत्यंत मृदू आवाजात सांगितले की, आपले घर अजून लहान आहे. घर लहान आहे हे मला ठाऊक होते; कर्ज जेवढे मिळाले तेवढेच ते झाले. परंतु बाईंना क्षेत्रफळ नव्हे, वय म्हणायचे होते.

जर्मनीतल्या आमच्या नव्या घरात बिल्डरने घर गरम ठेवायला गॅसचा बॉयलर बसवून दिला, कारण तेव्हा ते चालत होते. पुढे 1 जानेवारी 2024 पासून नव्या वसाहतीत घर बांधू पाहणाऱ्याला निदान 65 टक्के नवीकरणीय ऊर्जेवर चालणारी हीटिंग बसवणे भाग पडले, आणि गॅस जाळण्यावरचे कार्बन शुल्क कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे 45 युरोंवरून 2025 मध्ये 55 युरोंवर गेले. तेव्हा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणारे यंत्र, बसवावा, असे आम्ही ठरवले. सरकार त्यासाठी 30 टक्के अनुदान देते आणि खर्च 30,000 युरोंपर्यंत धरते, म्हणजे प्रश्न 9,000 युरोंचा होता. एवढ्या रकमेसाठी मी कितीही मृदू आवाज ऐकून घ्यायला तयार होतो.

शिवाय मी बेसावध नव्हतो. माझ्या एका सहकाऱ्याने पूर्वी घर बांधताना आधी हीटिंगची ऑर्डर दिली आणि मग अनुदानाचा अर्ज केला, कारण त्याच्या थोरल्या भावानेही तसेच केले होते. भावाला पैसे मिळाले, याला मिळाले नाहीत. 2017 संपेपर्यंत घरमालकाला हीटिंग बसवून, ऊब घेऊन मग सावकाश अर्ज करता येत असे. 1 जानेवारी 2018 पासून आधी अर्ज आणि मग ऑर्डर, असा क्रम झाला. यामागचे तर्कशास्त्र असे की, अनुदान हे प्रोत्साहन आहे आणि ज्याने आधीच सही केली त्याला प्रोत्साहनाची गरज नव्हती हे त्याच्याच सहीने सिद्ध होते. थोडक्यात, उत्साही माणसाने स्वखर्चाने उत्साही राहावे. या सहकाऱ्याची कहाणी मी इतक्या वेळा ऐकली होती की, हीटिंगवाल्याने पुढे केलेल्या कागदाला गेले दोन महिने मी हातही लावला नव्हता.

म्हणून अनुदानाच्या मदतकक्षातल्या त्या बाईंनी "करार झाला आहे का?" असे विचारताच मी छाती फुगवून "मुळीच नाही" असे उत्तर दिले.

"मग आपल्याला अर्ज करता येणार नाही. अर्जाआधी करार लागतो."

"पण करार केला की काम सुरू झाले असे धरतात ना?"

"धरतात."

"आणि काम सुरू झाले की अनुदान नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. पलीकडे कपात चमचा फिरत असल्याचा आवाज येत होता. "म्हणून करार असा करायचा की, तो झालेला असेल, पण लागू झालेला नसेल. अनुदान मंजूर झाले तरच लागू होईल, असे वाक्य त्यात हवे. आणि काम साधारण कधी होणार, ती तारीखही हवी."

"जो करार लागू नाही, त्यातल्या कामाची तारीख?"

"अंदाजे चालेल."

लग्नपत्रिका छापावी, मुहूर्त घालावा आणि खाली बारीक अक्षरांत लिहावे की मुलीकडच्यांचा होकार आला तर, असा हा प्रकार होता. 2018 मध्ये जे करणे घातक होते, तेच 2024 पासून न करणे घातक झाले होते, आणि मी जुन्या शहाणपणावर दोन महिने उपाशी बसलो होतो.

मग त्यांनी घराच्या वयाची चौकशी केली. आम्हाला राहायला येऊन साडेतीन वर्षे झाली, असे मी सांगितले. बाई म्हणाल्या की, वय राहायला आल्यापासून नव्हे, बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज केला त्या दिवसापासून मोजतात, आणि अनुदानाचा अर्ज करताना त्याला किमान पाच वर्षे झालेली असावी लागतात. म्हणजे पाया खणण्याच्या आधीपासून आमचे घर वयात येत होते! मी आनंदाने फाईल उघडली, तारीख वाचून दाखवली. चमचा थांबला. "23 दिवस कमी आहेत," बाई म्हणाल्या, आणि पुढे, बहुधा मला बरे वाटावे म्हणून, त्यांनी सांगितले की, गॅसचा बॉयलर 20 वर्षांचा असता तर आणखी 20 टक्के मिळू शकले असते.

माझा बॉयलर तान्हा आहे, यात माझा काय अपराध आहे? ज्याने वीस वर्षे गॅस जाळला त्याला बक्षीस, आणि जो चार वर्षांतच शहाणा झाला त्याला 23 दिवसांची शिक्षा, हे मला अजूनही पटलेले नाही. बाईंना मी तसे म्हटलेही. त्यांनी ते टिपून घेतल्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी हीटिंगवाल्याला फोन करून ते जादूचे वाक्य सांगितले. "करार म्हणजे करार," तो म्हणाला, पण माणूस भला आहे. त्याने वाक्य घातले, सही केली आणि शुक्रवारी कागद पाठवला. दोन महिने मी त्याला ताटकळत ठेवले होते, तेव्हा गिऱ्हाईक एकदाचे तयार झाल्याच्या आनंदात त्याने दुसऱ्याचे काम पुढे ढकलून माझ्यासाठी जागा काढली होती, आणि कामाच्या अंदाजे तारखेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत येत्या सोमवारची तारीख लिहिली होती.