जिराफाचे खूर पेव्हर ब्लॉकखाली

हाफ तिकीट म्हणजे काय ते या मुंबईत एकदाचं कुणीतरी ठरवा. आणि ठरेपर्यंत पोरांना भिंतीला टेकवून मोजणं बंद करा!

काल उपनगरातल्या एका करमणूक बागेच्या गेटवर जे चाललं होतं त्याला मोजमाप म्हणत नाहीत. भिंतीवर जिराफ रंगवलाय, त्याच्या मानेवर फुटांच्या खुणा, साडेचार फुटांवर लाल रेघ. रेघेखाली हाफ, वर फुल. ठीक आहे, नियम तो नियम. पण त्या जिराफाला खूरच नाहीत! पाय गुडघ्याखाली येतात आणि थेट पेव्हर ब्लॉकमध्ये घुसतात. म्हणजे आधी जिराफ रंगवला, मग कधीतरी वाळू पसरून वर पेव्हर बसवले आणि भिंतीवरच्या खुणा होत्या तिथेच राहिल्या. ब्लॉक 60 मिलिमीटरचा, खाली वाळूचा थर, म्हणजे जमीन किमान अडीच इंच वर आली. पाच ते दहा वयातलं पोर वर्षाला साधारण 5-6 सेंटिमीटर वाढतं. ठेकेदाराने एका दुपारीत आख्ख्या मुंबईतल्या पोरांचं वय वर्षाने वाढवून ठेवलं, आणि त्या वर्षाचे पैसे आईबापांनी भरायचे.

बरं, मोजायचं तर नीट मोजा. बूट काढायला सांगा. आजकालच्या स्पोर्ट्स शूजचा सोलच इंचभर असतो. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पट्टी भिंतीशी काटकोनात, की झालं. बालवाडीतल्या ताईंनाही हे येतं. इथे गार्ड हाताचा पंजा तिरका धरतो, पोरीच्या उंच बांधलेल्या पोनीटेलवर टेकवतो आणि म्हणतो, "फुल." केसांचं तिकीट घेताय का राव? जमीन वर आलीय हे दाखवलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, सिस्टीममध्ये तसंच आहे." कुठली सिस्टीम? जिराफ? आणि मागच्या रांगेतून एक तरी उदार गृहस्थ बोलतोच, "अहो घ्या ना फुल, किती ताणताय." या गृहस्थाचा मला गार्डपेक्षा जास्त राग येतो.

बाकीचे कसे मोजतात ते बघा. रेल्वेत 5 ते 12 हाफ. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणीसंग्रहालयात, 3 ते 12 ला 25 रुपये. एलिफंटा आणि कान्हेरीला पुरातत्त्व खात्याच्या तिकिटातून 15 वर्षांखालचे सगळे सुटले, आणि तिथे कुणी पोनीटेल बघत नाही. म्हणजे तेरा वर्षांचं पोर लोकलमध्ये फुल, राणीच्या बागेत फुल, एलिफंटाच्या लेण्यांत फुकट, आणि उंचीने बुटक्या आईवर गेलं असेल तर करमणूक बागेत हाफ. घरातून निघताना आधार कार्ड घ्यायचं की टेलरचा टेप?

तर टेपच घ्या. आणि दुपारी जा. माणूस सकाळी उठल्यावर सेंटिमीटरभर उंच असतो, दिवसभर मणक्यांमधल्या गाद्या दबून तो बुटका होतो. हो, मी हे गेटवर उच्चारलं. मोठ्याने. भर रांगेत मणक्यातल्या गाद्यांवर व्याख्यान झालं, पोरगी चार पावलं लांब जाऊन आपण यांच्या नाहीच असा चेहरा करून उभी राहिली, आणि शेवटी फुलच फाडलं. वर आत जाऊन वाचवायच्या रकमेइतकाच मका आणि पॉपकॉर्न झाला, तेही पहिल्या अर्ध्या तासात. असो.

पॉपकॉर्न घ्यावाच लागतो कारण डबा गेटवरच जप्त. पोळीभाजी म्हणे "बाहेरचे खाद्यपदार्थ". आत मिळणारी पोळीभाजी काय झऱ्यातून येते? पाण्याच्या बागेत तर खर्च तिकिटानंतर सुरू होतो. सुती कपडे चालत नाहीत. त्याला कारण आहे, सुती धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि ओलं सुती कापड घसरगुंडीवर धरतं, ते मान्य. पण मग नायलॉनचे कपडे घरून नेलेत की नाही हे गेटवर विचारा. आत गेल्यावर सांगितलं की भाड्याने घेणंच आलं. भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं. लॉकरचं भाडं, डिपॉझिट. ट्यूबचं डिपॉझिट. ते परत घेण्याची रांग नेमकी बंद व्हायच्या वेळी, आणि हातातली पावती तोवर लगदा झालेली. पावत्यांचा फोटो काढून ठेवा, लॉकर एकच घ्या आणि परत करायला शेवटच्या तासाआधी जा, एवढं केलंत तर निम्मा ताप वाचतो.

आणि हे सगळं कधी? रविवारी, कारण शाळेची सुट्टी जुळली तर वार जुळत नाही. राणीची बाग बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, एलिफंटा सोमवारी बंद, वरळीचं तारांगण सोमवारी बंद. एकटं नेहरू विज्ञान केंद्र बिचारं होळी-दिवाळी सोडून उघडं. पण टॅक्सीवाल्याला नुसतं "वरळी, नेहरू" म्हणालात की तो तारांगणाशी सोडतो. "सायन्स सेंटर" असं दोनदा बजावा.

रविवारी मग रेल्वेचा मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी गाड्या कमी आणि उशिरा. माटुंगा ते मुलुंड, साधारण अकरा ते चार, म्हणजे डोंबिवलीहून निघालेलं कुटुंब नेमकं जेव्हा गाडीत असतं तेव्हाच. अकराच्या आत माटुंगा ओलांडा, नाहीतर भायखळ्याला पोचेपर्यंत पोरं पेंगुळलेली आणि तिकीटखिडकी बंद व्हायला आलेली. राणीच्या बागेचं आई-बाप आणि दोन मुलांचं 100 रुपयांचं तिकीट अजूनही शहरातला सगळ्यात बरा सौदा आहे, हे मी रागातही मान्य करतो. 2017 पर्यंत मोठ्यांना 5 रुपये होते, हे मात्र विसरलेलो नाही. पेंग्विनपाशी "पुढे चला, पुढे चला" सुरू व्हायच्या आत, म्हणजे सकाळी उघडल्या उघडल्या, आधी तिकडेच जा. वाघ कुठे पळत नाही.

कान्हेरीला जायचं तर पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, आणि लेणी गेटपासून सहा-सात किलोमीटर आत. ही गोष्ट लोकांना गेटावर कळते, चपला घालून आल्यावर. पोरांना वनराणी, म्हणजे पार्कातली छोटी आगगाडी, दाखवतो म्हणून नेलं, तर ती 2021 च्या तौक्ते वादळात मोडली आणि पुढे वर्षानुवर्षं नुसतीच "लवकरच" होती.

फुकटच्या बागा आहेत की! आहेत. दुपारी कुलूप. कुलूप नसेल तिथे घसरगुंडीच्या जागी "आय लव्ह अमुकतमुक"ची लाल बदामवाली अक्षरं, नगरसेवकाच्या सौजन्याने. पोरांनी अक्षरांवर चढायचं नाही, तशी पाटी आहे. प्यायच्या पाण्याचा नळ मागितला तर मिळत नाही, सेल्फी पॉइंट न मागता मिळतो.

पुढच्या रविवारी हार्बर लाइनवर ब्लॉक आहे. वाशीचं नाव घरात कुणी काढायचं नाही.